एवढा मोठा समुद्र, मग जहाजं एकमेकांवर आदळतातच कशी?

मांडवा_लोकल

नोकरी फोर्टात, घर अलिबागच्या अलीकडे. आठवड्यातून चार दिवस मांडव्याची बोट. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'वर नौदलाची स्पीडबोट येऊन आदळली, तेव्हापासून सासूबाई रोज निघताना बजावतात, "आत नको बसूस, दाराजवळ बस." मी बसते. दाराजवळ बसलं की एका बाजूला नौदलाची करडी जहाजं दिसतात आणि दुसऱ्या बाजूला न्हावाशेव्याकडे जाणारे कंटेनरचे डोंगर. मग डोक्यात हाच किडा वळवळत राहतो.

नवऱ्याने जुन्या बातम्या काढून दाखवल्या. २०१७ मध्ये अमेरिकेच्या दोन विनाशिका जेमतेम दोन महिन्यांच्या अंतराने व्यापारी जहाजांना धडकल्या, दोन्हीकडे माणसं गेली. २०१८ मध्ये नॉर्वेची एक फ्रिगेट (मध्यम आकाराची युद्धनौका) तेलाच्या टँकरला धडकली आणि चक्क बुडाली. आता मला सांगा, शेकडो किलोमीटरवरचं विमान हेरणारं रडार ज्या जहाजावर आहे, त्याला समोरची दोनशे मीटर लांबीची वस्तू दिसत नाही? वाहतूक पोलीस नाही, सिग्नल नाही, खड्डे नाहीत, डावी-उजवीकडे हवी तेवढी जागा. आमच्या वडखळ नाक्यावरही इतकं होत नाही.

आणि युद्धनौका म्हटली की बाकीच्यांनी बाजूला व्हायचं, असा काही नियम आहे का? इथे जहाजावर काम केलेलं कुणी असेल तर सोप्या भाषेत सांगा.

टवाळ_कार्टं

मोबाइल. दुसरं काय? दोन्हीकडे रील्स चालू असणार.

आठ_ते_बारा

टवाळभाऊ, भर समुद्रात रेंज नसते. आणि यातल्या एकाही प्रकरणात कुणी झोपलेलं किंवा मोबाइलवर नव्हतं. तेच तर अवघड आहे.

मांडवाताई, मी चौदा वर्षं जहाजावर काढली. थर्ड मेट, म्हणजे कॅप्टनच्या हाताखालचा तिसरा अधिकारी, म्हणून सुरुवात केली, चीफ मेट असताना उतरलो, आता नेरुळला घर आणि ऑफिसातली खुर्ची. माझं इथलं नाव म्हणजे थर्ड मेटची वॉच, पहाऱ्याची पाळी. सकाळी आठ ते बारा, रात्री आठ ते बारा. बारा ते चार सेकंड मेट, चार ते आठ चीफ मेट. व्यापारी जहाजावर रात्री ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या वरच्या खोलीत, माणसं दोन: एक ऑफिसर आणि एक लुकआउट, म्हणजे नजर ठेवणारा. बाकीचे वीस-बावीस जण खाली झोपलेले.

आधी 'नीलकमल' बाजूला काढू. ती वेगळ्या जातीची घटना. त्या स्पीडबोटीवर इंजिनाची चाचणी चालली होती आणि ताबा सुटला, असं नौदलानेच सांगितलं. तुम्ही विचारताय ते दुसरंच आहे. दोन्ही जहाजं धडधाकट, दोन्हीकडे माणसं जागी, हवा स्वच्छ, आणि तरी टक्कर.

दुसरं, समुद्र मोठा आहे हे फक्त नकाशावर. जहाजं पायवाटेने जातात. बंदराचं तोंड, सामुद्रधुनी, एखादं टोक वळसा घालायला, अशा जागी सगळी एकत्र येतात. सिंगापूरच्या सामुद्रधुनीत तर जाण्याची आणि येण्याची लेन वेगळी आखलेली आहे, द्रुतगती मार्गासारखी.

तिसरं म्हणजे, टक्कर अचानक होत नाही. ती हळूहळू, तुमच्या डोळ्यांदेखत होते. दोन जहाजं वीस-वीस नॉटने (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) समोरासमोर आली तरी दहा मैल संपायला पंधरा मिनिटं लागतात. पंधरा मिनिटांत चहा करून पिऊन होतो. म्हणून 'दिसलं कसं नाही' यापेक्षा 'दिसलं ते काय वाटलं' हा प्रश्न जास्त कामाचा. माझंच सांगतो.

२०१० साल. आम्ही कांडल्याहून रिकामं बल्क कॅरियर (सुटा माल वाहणारं जहाज) घेऊन यूएईतल्या मीना सक्र बंदरात चुनखडी भरायला निघालो होतो. ओमानचं आखात, रात्री साडेदहाच्या सुमाराला, आमचा वेग तेरा नॉट. रडारवर उजव्या अंगाला सात मैलांवर एक ठिपका. एआयएसवर त्याचं नाव नाही. (एआयएस म्हणजे प्रत्येक जहाज स्वतःचं नाव, दिशा आणि वेग रेडिओवर सांगत राहतं ते यंत्र.) दुर्बिणीतून पाहिलं तर एक लाल दिवा आणि वर दोन पांढरे, अगदी जवळजवळ. मोठ्या जहाजावर हे दोन पांढरे दिवे लांब अंतरावर असतात, एक पुढच्या डोलकाठीवर, एक मागच्या. ते जवळ दिसले म्हणजे जहाज लहान. मी ठरवून टाकलं, धाऊ आहे. त्या भागात लाकडी धाऊ ढिगाने फिरतात. ती मागून निघून जाईल.

आर्पा, म्हणजे रडारमधला हिशेबनीस, तिचा वेग सोळा नॉट दाखवत होता. धाऊ सोळा नॉट पळत नाही. आकडा माझ्या नाकासमोर होता आणि मी मनात म्हटलं, रडारने अजून नीट पकडलेलं दिसत नाही, थोड्या वेळाने आकडा खाली येईल.

माझ्याबरोबर सुकाणी होता, जयगडकडचा, पन्नाशी पार केलेला. खिडकीला टेकून उभा. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सायेब, तो दिवा मगाधरना या खांबालाच चिकटलाय. हलत न्हाय."

ब्रिजच्या खिडक्यांच्या मध्ये लोखंडी खांब असतात. तो दिवा उजवीकडच्या दुसऱ्या खांबाच्या कडेला होता, आणि पाच मिनिटांनी तिथेच होता. फक्त जरा मोठा झाला होता. दुसऱ्या जहाजाची दिशा बदलत नाही आणि अंतर कमी होतंय, याचा अर्थ एकच: तुम्ही दोघं एकाच जागी एकाच वेळी पोचणार. शिकताना पहिल्या महिन्यात घोकून घेतात हे. मला माहीत नव्हतं असं नाही. मी बेअरिंग, म्हणजे होकायंत्रावरून त्याची दिशा, घेतलंच नव्हतं, कारण धाऊचं कोण घेतं?

तीस अंश उजवीकडे वळवलं. ते डावीकडून सरकलं तेव्हा चंद्रप्रकाशात आकार दिसला. करडी युद्धनौका, उंच डोलारा, एआयएस बंद. युद्धनौकांची बांधणीच अशी असते की पांढरे दिवे नियमातल्या अंतरावर लावता येत नाहीत, त्यांना तशी सूट आहे. म्हणून दीडशे मीटरची नौका रात्री कोळ्याच्या होडीसारखी दिसू शकते. हे मी परीक्षेत लिहून आलो होतो.

जहाज वळलं की झोपलेल्या कॅप्टनला कळतं, पाठीखालची गादी सांगते. दोन मिनिटांत लुंगीवर वर आले. रडारकडे बघून विचारलं, "कितना था?" म्हटलं, "पॉइंट नाइन, सर." म्हणजे एक मैलही नाही. "और मुझे कब बताने वाले थे?" नाइट ऑर्डर बुकमध्ये त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं की कुठलंही जहाज मैलाच्या आत येणार असेल तर उठवा. मी उठवलं नव्हतं. आदल्या रात्री मासेमारी बोटींच्या गर्दीत उठवलं होतं, तेव्हा "इतने से के लिए?" असं ऐकून घेतलं होतं. तेवढं पुरतं.

आता 'फिट्झजेराल्ड' बघा. १७ जून २०१७, रात्री दीडच्या सुमारास, जपानच्या इझु द्वीपकल्पाजवळ. ही अमेरिकन विनाशिका योकोसुकाहून निघालेली, वेग वीस नॉटच्या आसपास. उजवीकडून 'एसीएक्स क्रिस्टल' नावाचं कंटेनर जहाज येत होतं. टक्कर टाळण्याचे जागतिक नियम १९७२ चे आहेत, आणि ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे: युद्धनौकेला त्यात मान नाही. दोन यांत्रिक जहाजं एकमेकांचा रस्ता छेदत असतील तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरं आहे, त्याने वाट द्यायची. म्हणजे इथे विनाशिकेने.

अमेरिकन नौदलाने स्वतःच्या अहवालात जे छापलं ते वाचून मी दोन मिनिटं गप्प बसलो होतो. त्या रात्री डोळ्यांनी बघण्याची टेहळणी फक्त डाव्या बाजूला चालू होती. उजवीकडे, जिथे धोक्याची तीन जहाजं होती, तिकडे बघायला माणूस नव्हता. रडार नीट जुळवलेलं नव्हतं. वॉचवरच्या ऑफिसरने कमांडिंग ऑफिसरला बोलावलं नाही, बोलावण्याचा लेखी हुकूम असूनही. (माझी ओमानची रात्र आठवा.) शेवटच्या क्षणी उजवीकडे वळायचं ठरलं, मग ते फिरवून पूर्ण वेग आणि डावीकडे. भोंगा वाजला नाही, व्हीएचएफवर, म्हणजे जहाजाजहाजांतल्या रेडिओवर, कुणी बोललं नाही. क्रिस्टलच्या नाकाच्या पाण्याखालच्या फुगवट्याने उजव्या कुशीत भोक पाडलं. तिथे खाली पस्तीस जण झोपायच्या जागेत होते. शिडीपर्यंत पोचता पोचता पाणी कमरेला लागलं. अठ्ठावीस जण बाहेर आले, सात नाही आले.

क्रिस्टललाही हात झटकता येत नाहीत. ज्याला वाट मिळायची त्याने सरळ जावं हे खरं, पण समोरचा हलत नाही असं दिसलं की त्यानेही काहीतरी करायचं, हेही नियमातच आहे.

दुसरी अमेरिकन विनाशिका, 'जॉन एस. मॅकेन', तिचं दुखणं वेगळं. २१ ऑगस्ट २०१७, पहाटे ५.२४, सिंगापूर सामुद्रधुनीचं पूर्वेकडचं तोंड. सुकाणूवरच्या पोराला वेग आणि दिशा दोन्ही सांभाळणं जड जातंय असं कमांडिंग ऑफिसरना वाटलं, म्हणून त्यांनी वेगाचं काम शेजारच्या माणसाला द्यायला सांगितलं. ब्रिजवर टचस्क्रीनची नवी यंत्रणा होती. वेगाबरोबर सुकाणूही शेजारच्या पडद्यावर गेलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. पोरगा ओरडला, सुकाणू गेलं! ते गेलेलं नव्हतं, एक हात पलीकडे होतं. रडर, म्हणजे नौका वळवणारं पाण्याखालचं पान, मधोमध आलं आणि नौका डावीकडे झुकायला लागली. वेग कमी करायचा हुकूम सुटला, तर पडद्यावर दोन्ही पंखे एकत्र जोडलेले नव्हते, त्यामुळे डाव्याच पंख्याचा वेग उतरला. डावा मंद, उजवा जोरात, म्हणजे नौका आणखी डावीकडे. तीनेक मिनिटांचा सगळा खेळ. डावीकडे 'अल्निक एमसी' हा टँकर स्वतःच्या लेनमधून चालला होता. खाली एका खोलीत बारा जण होते, दोघंच वाचले.

त्या ब्रिजवरचे काही जण दुसऱ्या नौकेवरून तात्पुरते आले होते, तिथली यंत्रणा निराळी. म्हणजे ज्याला एसटी चालवायची सवय, त्याला भल्या पहाटे घाटात ऑटोमॅटिक गाडी दिली. पुढे अमेरिकन नौदलाने पडदे काढून हाताने ढकलायचे दांडे परत बसवायचं ठरवलं. मला त्यात जुनाटपणा वाटत नाही. दांड्याकडे अंधारातही नजर टाकली की तो कुठे आहे ते कळतं.

नॉर्वेची 'हेल्गे इंगस्टाड' मात्र माझ्या मते सगळ्यांत शिकण्यासारखी. ८ नोव्हेंबर २०१८, पहाटे चार, बर्गनजवळचा एक फ्योर्ड, म्हणजे डोंगरांमधली अरुंद खाडी. नाटोच्या सरावावरून परतणारी फ्रिगेट, सतरा नॉटच्या आसपास, ब्रिजवर सात माणसं. वीस मिनिटांपूर्वी वॉच बदलायला सुरुवात झाली तेव्हा किनाऱ्यावरच्या स्टुरे तेल टर्मिनलकडे दिव्यांचा झगमगाट दिसत होता. आलेल्याला वाटलं, टर्मिनलचाच भाग आहे, हलणारं काही नाही. प्रत्यक्षात 'सोला टीएस' हा कच्च्या तेलाने भरलेला टँकर नुकताच धक्का सोडून निघत होता. डेकवर खलाशी दोर आवरत होते म्हणून डेकचे दिवे पुढच्या दिशेने चालू होते, आणि त्या उजेडात जहाजाचे नियमाचे दिवे हरवले. फ्रिगेटचं एआयएस फक्त ऐकत होतं, सांगत नव्हतं, त्यामुळे टँकरवरच्या पायलटला (वाट दाखवायला चढलेला स्थानिक जाणकार) समोरून कोण येतंय त्याचं नाव कळेना. शेवटी किनाऱ्यावरच्या वाहतूक केंद्राकडून कळलं. त्याने हाक मारली, उजवीकडे वळा. फ्रिगेटवरून उत्तर काय आलं असेल? उजवीकडे वळलो तर आम्ही त्या स्थिर वस्तूच्या फार जवळ जाऊ.

ती स्थिर वस्तूच त्यांच्याशी बोलत होती, ताई. त्यांना वाटत होतं की बोलणारं जहाज दुसरंच कुठलंतरी आहे.

१३७ जण होते, सगळे वाचले. नौका काही दिवसांनी बुडाली, नंतर वर काढून भंगारात गेली. वॉचवरच्या ऑफिसरला २०२३ मध्ये कोर्टाने दोषी ठरवलं, साठ दिवसांची शिक्षा स्थगित ठेवली. वाहतूक केंद्र, प्रशिक्षण, टँकरचे दिवे, या सगळ्याचा हिशेब एका माणसाच्या नावावर कसा मांडला, ते मला अजून पटलेलं नाही.

तेव्हा रडारला दिसलं का? तिन्हीकडे दिसलं. रडार सांगतं की काहीतरी आहे. ते धाऊ आहे, की टर्मिनल, की मागून निघून जाणारं जहाज, हे आपण ठरवतो, आणि एकदा ठरलं की मग सोळा नॉटचा आकडासुद्धा आपल्याला खोटा वाटायला लागतो.

पांढरा_गणवेश

आठ_ते_बारा, चांगलं लिहिलंत, पण थोडं एका बाजूने झालं. बावीस वर्षं नौदलात होतो म्हणून दोन शब्द.

एआयएस बंद ठेवणं हा आमचा आळस नाही. मालवाहू जहाजांना ते सक्तीचं आहे, युद्धनौकांना नाही, आणि कारण उघड आहे. आपण कुठे आहोत ते शत्रूला नाव-पत्त्यासकट कळवत कोण फिरेल? मात्र गर्दीच्या पाण्यात ते चालू करावं, याच्याशी सहमत. २०१७ नंतर अमेरिकनांनीही तसंच ठरवलं.

आमच्या ब्रिजवर माणसं जास्त असतात, त्यात शिकाऊ असतात. तुमच्याकडे एकच ऑफिसर असतो, म्हणून तो सगळं स्वतः बघतो. आमच्याकडे दहा जण आणि प्रत्येकाला वाटतं की बाकीच्या नऊ जणांपैकी कुणीतरी बघतंय. हा आमचा दोष, कबूल. पण व्यापारी जहाजावर ऑटोपायलट लावून कागदपत्रं भरत बसणारे महाभागही आम्ही समुद्रात पाहिलेत. रेडिओच्या चॅनल सोळावर हाका मारून घसा कोरडा, उत्तर नाही.

घरचं उदाहरण राहिलंच. ३० जानेवारी २०११, मुंबई बंदराचं तोंड. 'विंध्यगिरी' ही माझगाव डॉकमध्ये बांधलेली फ्रिगेट परत येत होती, वर नौसैनिकांची कुटुंबंही होती. बाहेर निघालेल्या 'नॉर्डलेक' या सायप्रसच्या झेंड्याखालच्या मालवाहू जहाजाशी टक्कर झाली, आग लागली. माणसं सुखरूप उतरली. आग विझवता विझवता दुसऱ्या दिवशी नौका गोदीतच बुडाली. मांडवाताईंची बोट ज्या पाण्यातून जाते त्याच पाण्यातली गोष्ट. दिवसाउजेडी.

आणि रडार, टचस्क्रीन यांना फार दोष देऊ नका, हा रोग त्यांच्याही आधीचा आहे. २ ऑक्टोबर १९४२, आयर्लंडच्या उत्तरेला. 'क्वीन मेरी' हे अवाढव्य प्रवासी जहाज हजारो अमेरिकन सैनिक घेऊन चाललेलं, पाणबुड्यांना चकवायला नागमोडी. तिच्या रक्षणाला ब्रिटिश युद्धनौका, क्रूझर 'क्युरासाओ'. लख्ख दिवस, दोघं एकमेकांना ओळखणारी, एकाच कामगिरीवर. क्रूझरला वाटलं, एवढं मोठं जहाज आपल्याला सांभाळून घेईल. क्वीन मेरीला वाटलं, रखवालदार आहे, तो बाजूला होईल. क्वीन मेरीने क्रूझर मधोमध कापली. पाणबुडीच्या भीतीने थांबायची मनाई होती, ती थांबली नाही. सव्वातीनशेहून जास्त खलाशी गेले. पुढे कोर्टात दोन-तृतीयांश दोष नौदलाकडे आणि एक-तृतीयांश क्वीन मेरीकडे, असा निकाल लागला.

आठ_ते_बारा

साहेब, मान्य. क्युरासाओचं उदाहरण माझ्या तिन्हींपेक्षा चपखल आहे. आणि कागदपत्रं भरत बसणारा महाभाग मीही होतो. बंदर जवळ आलं की त्या फॉर्मांचा ढीग वॉचवरच संपवावा लागतो, दुसरी वेळच नसते.

एक मात्र जोडतो, झोप. आमच्याकडे नियम आहे की आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळालीच पाहिजे. कागदावर ती नेहमी मिळते, ते सोडा. पण अमेरिकन सरकारच्या लेखापरीक्षकांनी २०१७ मध्ये संसदेत मांडलं की त्यांच्या नौकांवर खलाशी आठवड्याला १०८ तासांपर्यंत ड्युटी करत असल्याचं आढळलं होतं. आठवड्याचे एकूण तास १६८. उरले साठ. त्यात जेवण, आंघोळ, घरी मेल. पहाटे पाचला त्या पोराच्या हातात टचस्क्रीन दिला.

शिकवण्याचंही तसंच. २००३ मध्ये त्यांनी नव्या ऑफिसरांचा काही महिन्यांचा वर्ग बंद करून सीडींचा संच हातात द्यायला सुरुवात केली, की जहाजावर गेल्यावर बघून शिका. आमच्या चाणक्यमधल्या (नवी मुंबईतली जहाजावरच्या अधिकाऱ्यांची शाळा) मास्तरांना हे सांगितलं असतं तर त्यांनी सीडी खिडकीतून फेकल्या असत्या. पुढे ते वर्ग परत सुरू झाले म्हणा.

हर्णै_बंदर

तुम्ही मोठ्या लोकांनी मोठ्यांचंच बोलून घेतलंत. आमची पण जहाजं आहेत हो.

२१ नोव्हेंबर २०२४ला गोव्यापासून सत्तर मैलांवर 'मार्थोमा' नावाची मासेमारी बोट आणि नौदलाची पाणबुडी 'करंज' यांची टक्कर झाली. तेरा जण होते बोटीवर, अकरा मिळाले. आमच्या आळीत त्या रात्री कुणी जेवलं नाही. पाणबुडीचा दिवा आम्ही कुठल्या खांबाला चिकटवून बघायचा, तेवढं सांगा.

पण ते टँकरच्या दिव्यांचं वाचलं आणि खरं सांगतो, जीव चरकला. आमच्या बोटींवर पण तेच चालतं. जाळं ओढताना पोरं सगळे हॅलोजन लावतात, कामाला उजेड पाहिजे. मग लाल-हिरवा दिवा दिसतच नाही. लांबून बघणाऱ्याला आमची बोट म्हणजे गणपतीचा मांडव. पुढे चाललीय की मागे, त्याला काय कळणार? माझा बाप सांगायचा, जाळं वर आलं की पहिला मोठा दिवा बंद कर. आम्हाला वाटायचं, डिझेल वाचवायला सांगतोय.

मोठी जहाजं मात्र वाट देत नाहीत हे पण लिहून ठेवा. जाळं टाकलेल्या बोटीला वाट द्यायची असा नियम आहे ना? मग?

आठ_ते_बारा

आहे. मासे पकडण्यात गुंतलेल्या बोटीला यांत्रिक जहाजाने वाट द्यायची. देत नाहीत तेव्हा चूक आमचीच. रत्नागिरी ते मंगळूर पट्ट्यात रात्री रडारवर दीडशे ठिपके असतात, तेव्हा एकातून सुटलं की दुसऱ्यावर, असं होतं. ही सबब नाही, फक्त तिथून कसं दिसतं ते सांगितलं. शहाणे कॅप्टन त्या मोसमात जहाज आणखी बाहेरून नेतात, चार तास जास्त लागले तरी. कंपनी इंधनाचा हिशेब विचारते, मग सगळेच शहाणे राहत नाहीत.

पाणबुडीबद्दल माझ्याकडे उत्तर नाही.

तुमचे वडील बरोबर होते.

मांडवा_लोकल

सगळ्यांचे आभार. आज संध्याकाळी साडेसहाच्या बोटीला दाराजवळ बसून प्रयोग केला. दाराच्या चौकटीला एक गंजका बोल्ट आहे, त्याच्या रेषेत एक टग पकडला. आधी बोल्टच्या डावीकडे होता, मग हळूहळू पुढे सरकत गेला आणि पार निघून गेला. मग एक बार्ज पकडली, ती बोल्टलाच चिकटून! पोटात गोळा आला. शेजारच्या काकांना म्हटलं, "ही बार्ज आपल्यावर येतेय." ते म्हणाले, "मॅडम, नांगर टाकून उभी आहे ती." आणि तेवढ्यात आमची बोट वळली.

आठ_ते_बारा

वा! पण दोन गोष्टी. एक, नांगरावरची बार्ज असली तरी बोल्टला चिकटली होती म्हणजे तुम्ही तिच्यावरच चालला होतात, तुमच्या तांडेलाने वळवलं म्हणून चुकली. काकांना सांगा.

दोन, बोल्टचा भरवसा तुमची बोट सरळ रेषेत असेल आणि तुम्ही जागेवरून हलला नसाल तरच. बोट वळली की बोल्टही वळतो. म्हणून आम्ही खांबावर नाही, होकायंत्रावर बेअरिंग घेतो. आणि समोरचं जहाज फार मोठं किंवा फार जवळ असेल तर बेअरिंग बदलत असूनही टक्कर होऊ शकते. तीनशे मीटरच्या जहाजाचं नाक तुमच्या पुढून गेलं, म्हणजे शेपूटही गेली असं नाही. न्हावाशेव्याचे कंटेनरवाले बघताना बोल्ट दोन धरा, एक नाकाला आणि एक शेपटाला.